कूलरचा पंप कूलरातच बरा!

मार्च सरला की आपल्या महागावच्या पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि होस्टेलच्या खोल्याखोल्यांतून कॉम्प्युटरचे पंखे घोंघावू लागतात. मग कुणाच्या तरी डोक्यात येतंच, प्रोसेसर पाण्याने थंड केला तर? कल्पना वेडगळ मुळीच नाही. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकातली उष्णतासुद्धा द्रवानेच वाहून नेली जाते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की खोलीत ४३ अंश असतील तर रेडिएटरमधून परत येणारं पाणी त्याच्या खाली उतरणार नाही.

माझा आक्षेप आहे तो पंपाच्या वायरीवर. तयार पंप महाग, म्हणून आपला गडी बाजारातून डेझर्ट कूलरचा पंप आणतो, डब्यात बुडवतो आणि त्याची पिन सरळ बोर्डात खोचतो. झालं वॉटर कूलिंग! आता हा पंप २३० व्होल्टचा. त्याचं सील तडकलं की करंट पाण्यात, पाण्यातून रेडिएटरला, रेडिएटरमधून कॅबिनेटला. सॉकेटला अर्थिंग धड असेल तर ठीक. नसेल तर तो अख्खा लोखंडी डबा तुमच्या हाताची वाट पाहत बसतो. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी विदर्भात उन्हाळ्यात नवी राहिलेली नाही. एमसीबी आहे ना, असं म्हणू नका. माणूस मारायला जेवढा करंट पुरतो, तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लागते.

दुसरी गंमत लाइट गेल्यावर. कॉम्प्युटर यूपीएसवर चालू, पंप मात्र भिंतीच्या बोर्डावर, म्हणजे बंद! प्रोसेसर बिचारा आधी वेग कमी करतो, मग मशीनच बंद पडतं. म्हणून पंप आणि कॉम्प्युटर यांचा धनी एकच हवा, आणि तो म्हणजे एसएमपीएस. पंप १२ व्होल्टचाच घ्यावा.

इथेही घाई नडते. मदरबोर्डावरची पंख्याची पिन बहुधा १ अँपिअरची, म्हणजे १२ वॅटची. डी-५ जातीचा मोठा पंप पूर्ण वेगात २० वॅटच्या वर जातो. शेतातली मोटार कुणी घरच्या दिव्याच्या वायरीवर चालवतं का? तेव्हा मोठ्या पंपाची पॉवर एसएमपीएसच्या मोलेक्स किंवा साटा वायरीवरून घ्या आणि वेग सांगणारी बारीक वायर तेवढी सीपीयू फॅनच्या पिनेला द्या. पंप थांबला तर मदरबोर्डाला निदान कळेल तरी. तयार सीलबंद कूलरचा पंप लहान असतो, तो मदरबोर्डावर चालतो. पण बायोसमध्ये त्या पिनेचा वेग पूर्ण ठेवा.

वायर ओढायची पद्धत तर घरावरच बघायला मिळते. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पाइपात शिरण्याआधी खाली झोल घेते, कशाला? पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी गळून जावं म्हणून. पंपाची वायरसुद्धा आधी खाली उतरवून मग वर कनेक्टरकडे न्यावी. नळीचा जोड आणि वायरीचा जोड एकाखाली एक नकोत. आणि वायर पंख्याच्या पात्यांपासून लांब बांधा, टायची किंमत ती काय!

पाणी भरताना पंप कोरडा फिरवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच. विहिरीवरची मोटार कोरडी चालली की जळते, हे महागावच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. भरताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी काढून ठेवा, एसएमपीएसच्या २४ पिनी प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडा, म्हणजे एकटा पंप चालेल. सगळ्याच वायरी काळ्या असतील तर सोळावी पिन शोधा. जोडांखाली टिश्यू पेपर अंथरा आणि एक दिवस तसंच चालू द्या. कागद ओला झाला नाही तरच पुढचं.

राहता राहिली वॉर्डन सरांना एक विनंती. पंप जप्त करून काही साधणार नाही, पोरं दुसरा आणतील. प्रत्येक विंगच्या बोर्डावर आरसीसीबी बसवा आणि सॉकेटांचं अर्थिंग इलेक्ट्रिकलच्या पोरांकडून मोजून घ्या. मीटर लॅबमध्ये आहेच.