उसन्या ओळींचे घर

ज्या घरात पुस्तके भरपूर असतात त्या घरातील माणसांची मनेही एकमेकांपुढे उघडी असतात, असे आपल्याकडे जवळजवळ गृहीत धरले जाते. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी महाविद्यालयांतून होणाऱ्या भाषणांत हे गृहीतक हटकून डोकावते आणि ती भाषणे करणाऱ्यांत आम्हीही असतो. एलिनॉर ब्राउन या अमेरिकन लेखिकेची ‘द वियर्ड सिस्टर्स’ (२०११) ही कादंबरी वाचल्यापासून मात्र ते भाषण आम्हाला पूर्वीच्या सहजतेने करता आलेले नाही. असे का झाले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही म्हणजे दोघी. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच प्रतीवर कादंबरी वाचली आणि लेखही मिळूनच लिहीत आहोत. जेथे आमचे एकमत नाही तेथे तसे सांगितले आहे.

कथानक थोडक्यात असे. ओहायो राज्यातील बार्नवेल हे लेखिकेने कल्पिलेले, एका महाविद्यालयाभोवती वसलेले लहानसे गाव. तेथील प्राध्यापक अँड्रियास यांचे आयुष्य शेक्सपिअरच्या अभ्यासात गेले आहे. आपल्या तीन मुलींची नावेही त्यांनी त्याच्याच नाटकांतून घेतली: ‘अ‍ॅज यू लाइक इट’मधील रोझालिंड, ‘द टेमिंग ऑफ द श्रू’मधील बियांका आणि ‘किंग लिअर’मधील कॉर्डेलिया. घरात त्या रोझ, बीन आणि कॉर्डी. आईला स्तनाचा कर्करोग झाला आहे आणि तिशीच्या आसपासच्या या तिघी पुन्हा एका छपराखाली येतात.

मुलगी घरी आली की ‘माहेरी आली’ म्हणण्याची आपली सवय. परंतु या तिघींपैकी कुणाचेही लग्न झालेले नाही, तेव्हा तो शब्द येथे उपयोगाचा नाही. माहेरी आलेली मुलगी परत जाणार हे ठरलेलेच असते. घरी परतलेली मुलगी परत जाईलच असे नाही, आणि म्हणून तिच्या येण्याचे कारण शोधले जाते. येथे आईचे आजारपण हे सांगण्याजोगे कारण आहे, खरी कारणे निराळी आहेत. न्यूयॉर्कमधील वकिली कचेरीत काम करणाऱ्या बीनने तेथील पैशांची अफरातफर केली आहे आणि तिची नोकरी गेली आहे. कॉर्डी कित्येक वर्षे गावोगाव भटकत राहिली, आता ती गरोदर आहे. गणिताची प्राध्यापिका असलेल्या रोझचा वाग्दत्त वर ऑक्सफर्डला आहे आणि तो तिला बोलावतो आहे. पण आपल्यावाचून घराचे अडेल या समजुतीला ती घट्ट धरून बसली आहे. तिघींनी तीन गोष्टी लपवल्या आहेत, आणि रोझने तर आपली भीती स्वतःपासूनही लपवली आहे.

शीर्षकातील श्लेष मराठीत आणता येईल का, यावर आमचा बराच वेळ गेला. ‘मॅकबेथ’मधील तीन चेटकिणींना हे नाव आहे. ‘वियर्ड’ म्हणजे विचित्र, हा अर्थ पुढचा. मूळ जुन्या इंग्रजी शब्दाचा अर्थ नियती असा आहे. म्हणजे एकाच शब्दात भविष्य ठरवणाऱ्या शक्तीही आल्या आणि चारचौघींसारख्या नसलेल्या बायकाही आल्या. ‘विचित्र बहिणी’ म्हटले तर नियती निसटते, ‘नियतीकन्या’ म्हटले तर टवाळी निसटते. शेवटी उत्तर सापडले ते कोशात नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळी लेख लिहून जाते, अशी आपली समजूत. तिच्यासाठी पाटापाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. आणि त्याच देवीच्या नावावरून आलेला ‘सटवी’ हा शब्द आपण बाईला शिवी म्हणून वापरतो. नशीब लिहिणारीही तीच, डोईजड झालेली बाईही तीच. ‘तिघी सटव्या’ हे शीर्षक कोणताही प्रकाशक छापणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तरी याहून नेमके दुसरे सुचत नाही.

अँड्रियास कुटुंबात सटवाईचे काम वडिलांनी केले आहे. नाव ठेवता ठेवता त्यांनी मुलींच्या कपाळी एकेक भूमिका लिहून टाकली. रोझालिंड म्हटल्यावर तिने थोर प्रेमाची वाट पाहायची, बियांका म्हटल्यावर रूपावर आणि मागे लागणाऱ्या पुरुषांवर जगायचे, कॉर्डेलिया म्हटल्यावर बापाचे लाडके शेंडेफळ होऊन राहायचे. या भूमिका वयात येईपर्यंत शोभतात, पुढे त्या आखूड होतात. अंगावर न बसणाऱ्या या झग्यांतून तिघींना बाहेर काढणे, हा कादंबरीचा वरवर दिसणारा विषय.

परंतु तिचा खरा विषय तिच्या निवेदनात आहे, असे आम्हाला वाटते. ही कादंबरी ‘आम्ही’ सांगते. रोझने काय केले, बीनने काय लपवले, कॉर्डी कुठे निजली, हे सारे तृतीयपुरुषी येते, पण सांगणारा आवाज तिघींचा मिळून एक आहे. अनेकवचनी निवेदन इंग्रजी कथात्म साहित्याला नवे नाही. फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या १९३० च्या कथेत सारा गाव ‘आम्ही’ म्हणून बोलतो, जेफ्री युजेनिडिस यांच्या ‘द व्हर्जिन सुइसाइड्स’ (१९९३) या कादंबरीत शेजारची मुले बोलतात. मात्र त्या दोन्ही ठिकाणी ‘आम्ही’ बाहेर उभे आहेत, बंद घराकडे पाहत आहेत. ब्राउन यांचे ‘आम्ही’ घराच्या आतले आहे. जिच्याविषयी बोलले जाते तीही बोलणाऱ्यांतच सामील आहे.

येथे इंग्रजीला जे ठरवावे लागत नाही ते मराठीला पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. इंग्रजीतील सर्वनामात ऐकणारा आत आहे की बाहेर, हे कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहिला, ‘आपण’ म्हटले की आत आला. या कादंबरीचे निवेदन ‘आम्ही’च असले पाहिजे, याबद्दल आम्हाला शंका नाही. वाचकाला त्या घरात प्रवेश आहे, पण तिघींच्या वर्तुळात नाही.

याच आवाजात एक विसंगतीही आहे. निवेदन करणाऱ्या ‘आम्ही’ला तिघींची सर्व गुपिते ठाऊक आहेत. प्रत्यक्ष प्रसंगांत मात्र एकीचे दुसरीला ठाऊक नाही. एका खोलीत कॉर्डी आपले गरोदरपण लपवून पुस्तक वाचते आहे, शेजारच्या खोलीत बीन आपली चोरी लपवून पुस्तक वाचते आहे. मग हे सर्वज्ञ ‘आम्ही’ आले कोठून? काही परीक्षकांना ती निवेदनातील युक्ती वाटेल. आम्हाला त्यात कादंबरीचे मर्म दिसते. कथा घडत असताना हे ‘आम्ही’ अस्तित्वातच नाही. तिघींनी आपापले तोंड उघडल्यावर, लाज बाजूला ठेवून एकमेकींना सांगितल्यावर मगच ते शक्य झाले. म्हणून ही कादंबरी त्या ‘आम्ही’ची जन्मकथा आहे. एका आईच्या पोटी येऊन ते आपोआप मिळत नाही, एका कपाटातील पुस्तके वाचूनही मिळत नाही.

आता पुस्तकांविषयी. या घरात पुस्तके सर्वत्र पसरलेली असतात. एकीने ठेवलेले दुसरी उचलते आणि वाचू लागते. बसची वाट पाहताना, रांगेत उभे असताना यांच्या हातात पुस्तक असते. हे वर्णन वाचून आमच्यासारख्यांना आनंद होतो आणि लेखिकेलाही तो व्हावा असेच वाटते आहे. पण त्याच घरात वडील मुलींना आईच्या आजारपणाची बातमी कळवतात तीही शेक्सपिअरच्या ओळींतून. प्रश्न विचारा, उत्तर शेक्सपिअरचे. सल्ला मागा, शेक्सपिअरचा. मुलींनाही ती सवय जडली आहे. कित्येकदा ओळीचा नाटकातील संदर्भ कुणाच्याच मनात नसतो. ती केवळ वेळ निभावून नेते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवली की आपल्याला काय वाटते ते सांगण्याची जबाबदारी उरत नाही.

मराठी वाचकाला येथे गणपतराव बेलवलकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ला (१९७०) ‘किंग लिअर’ची पार्श्वभूमी आहे आणि बेलवलकरही घरात नाटकांतील भाषणांनीच बोलतात. पण ती त्यांच्या पोटाची भाषा होती, चाळीस वर्षांच्या रंगभूमीने जिभेवर ठेवलेली. शिवाय शिरवाडकर त्यांना त्या भाषेचे मोल मोजायला लावतात. घराबाहेर पडलेल्या म्हाताऱ्याची उसनी भाषणे आणि त्याचा स्वतःचा आक्रोश एकमेकांत मिसळत जातात आणि आपण हादरतो. ब्राउन प्राध्यापकमहाशयांना एवढे काही मोजायला लावत नाहीत. त्यांच्या उद्धृतांकडे त्या लाडिक हसून पाहतात. कादंबरीतील ही उणीव आम्हाला मोठी वाटते, कारण पत्नीच्या आजारपणात ओळींमागे दडणारा नवरा हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे.

हे आम्ही इतक्या खात्रीने म्हणतो त्याला कारण आहे. आमच्यापैकी एकीचे वडील शिक्षक होते. घरात तुकाराम-ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सर्वांची ये-जा. वडिलांच्या अखेरच्या आजारपणात त्यांच्या उशाशी बसून मुलीने अभंग म्हटले, त्यांनी पुढचा चरण पुरा केला, भेटायला आलेल्यांचे डोळे पाणावले. दुसरीही तेथे होती, तिनेही एक-दोन कविता म्हटल्या. ते दिवस सुंदर होते असे आम्ही अनेक वर्षे एकमेकींना आणि इतरांना सांगत आलो. कादंबरी वाचून झाल्यावर एका संध्याकाळी ध्यानात आले की त्या तीन आठवड्यांत ‘तुम्हाला भीती वाटते का?’ असे त्यांना कुणीही विचारले नव्हते. त्यांनी ज्या चरणाला मुलीचा हात घट्ट धरला होता, त्या चरणात कदाचित उत्तर होते. आम्ही त्याला दाद दिली.

यात तुकारामाचा दोष नाही, कवितेचाही नाही. दुसऱ्याची ओळ कधीकधी आपल्या दुःखापर्यंत पोहोचण्याचा पूल होते, हे शिकवण्यातच आमचा जन्म गेला आहे. परंतु पुलावर घर बांधून राहता येत नाही. ओळ म्हणून झाल्यावर थांबून आपले एक ओबडधोबड वाक्य बोलावे लागते. अँड्रियास भगिनी ते बोलायला शिकतात, आणि त्यांची ती अडखळणारी वाक्ये वडिलांच्या कोणत्याही उद्धृतापेक्षा आम्हाला मोलाची वाटली.

शेवटाविषयी मात्र आमच्यात मतभेद आहे. बीन गावातील ग्रंथालयात स्थिरावते, कॉर्डी गावातच राहून मुलाला जन्म देते, घर सोडणे ज्या रोझला अशक्य वाटत होते ती इंग्लंडला जाते. एकीच्या मते ही आवराआवर फार नीटनेटकी आहे. चोरीसारख्या गोष्टीचे ओझे इतक्या सहज उतरत नाही, आणि वाचनवेडी मुलगी ग्रंथपाल होते हे तर अगदीच हाताशी असलेले उत्तर. दुसरीचे म्हणणे असे की शेक्सपिअरच्या सुखात्मिका अशाच संपतात, गैरसमज फिटतात आणि प्रत्येकाला जागा मिळते. रोझालिंड आणि बियांका सुखात्मिकांतूनच आल्या आहेत. कॉर्डेलिया तेवढी शोकांतिकेतली, तिला लेखिकेने जगवले. तसे पूर्वीही घडले आहे. नेअम टेट याने १६८१ मध्ये लिअरचा शेवट बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले, तिचे लग्न लावले, आणि इंग्लंडच्या रंगभूमीवर सुमारे दीडशे वर्षे तोच लिअर चालला. यावर पहिलीचे उत्तर असे की शेवटी रंगभूमी मूळ नाटकाकडेच परतली, हेही विसरू नये. हा वाद मिटलेला नाही.

कादंबरी थोर आहे असा आमचा दावा नाही. मधल्या भागात ती रेंगाळते, गावातील धर्मगुरू आणि इतर पात्रे सोयीपुरती येतात. तरीही तिचा मराठी अनुवाद व्हावा असे वाटते. तीन बहिणींचे ‘आम्ही’ हळूहळू कसे जुळते, हे मराठीच्या सर्वनामांत वाचण्याची गंमत काही और असेल.

येत्या १५ ऑक्टोबरला आमच्यापैकी एकीला पुन्हा बोलायचे आहे. घरात पुस्तके असावीत हे ती सांगेलच. पुढे आणखी एक वाक्य घालायचे आम्ही ठरवले आहे: पुस्तक मिटल्यावर घरातल्या माणसाला विचारा, तुझे काय चालले आहे, आणि त्याचे उत्तर त्याच्या शब्दांत येईपर्यंत थांबा. या वाक्याला टाळ्या पडणार नाहीत. ते कुणा थोर लेखकाचे नाही, आमचेच आहे.