नोंद बंदुकीची की नळीची?

बंदुकीचा परवाना हा विषय आपल्या पक्षाच्या शिबिरांत किंवा ठरावांत सहसा येत नाही. आला तरी तो पोलीस खात्याचा, फार तर कायदेपंडितांचा विषय म्हणून बाजूला ठेवला जातो. हे बरोबर नाही. शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, वारणेच्या खोऱ्यात, भाताच्या खाचरापाशी माळा बांधून रात्र काढणारा शेतकरी ठासणीची एक जुनी बंदूक परवान्यावर बाळगतो. शहरातला सधन हौशी नेमबाज एकाच सांगाड्यावर निरनिराळ्या बोअरच्या नळ्या आलटून पालटून बसविता येतील अशी बंदूक घेऊ शकतो. दोघांनाही लागू होणारा शस्त्र कायदा एकच आहे. तो या दोघांना कोणत्या मापाने मोजतो, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. कायद्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, असा तो प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो आपला आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. बंदुकीचे ढोबळमानाने दोन भाग असतात. घोडा, चाप आणि काडतुसावर आघात करणारी यंत्रणा ज्यात असते तो सांगाडा, आणि गोळी किंवा छर्रे जिच्यातून बाहेर पडतात ती नळी. जुन्या बंदुकीत हे दोन्ही भाग जन्माचे सोबती असत. आधुनिक कारागिरीने त्यांची फारकत केली. आज काही बनावटींच्या बंदुकांत थोड्या वेळात एक नळी काढून दुसरी बसविता येते. सकाळी जी बंदूक बारा बोअरची छऱ्यांची होती ती संध्याकाळी लहान बोअरची होते. काही बनावटींत तर गुळगुळीत नळीच्या जागी आटे पाडलेली रायफलची नळीही बसते. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक मात्र तोच राहतो. मग परवान्यावर जे लिहिले आहे ते नेमके कशाचे वर्णन? क्रमांक जुळला म्हणजे बंदूक जुळली, असे तपासणाऱ्या अंमलदाराने मानावे काय?

कायद्याचा मजकूर बारकाईने वाचला तर त्याची दृष्टी मुळात नळीवर आहे असे दिसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि तिथे अट आहे ती नळी २० इंचांपेक्षा आखूड नसावी ही. लांबी मोजायची ती नळीची. नियमांच्या वर्गवारीत लष्करी बोअरची शस्त्रे वेगळी काढली आहेत. तिथे केवळ .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर एवढेच म्हटलेले नाही. ज्या कोणत्या बोअरमध्ये त्या बोअरचे लष्करी काडतूस बसेल आणि उडेल, ती रायफलही त्याच वर्गात धरलेली आहे. म्हणजे शस्त्राचे नाव काय यापेक्षा त्यातून काय उडू शकते हे महत्त्वाचे, हे तत्त्व नियमकर्त्यांनी स्वीकारले आहे. अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याच्या सुट्या भागांचाही समावेश आहे. २०१९ च्या दुरुस्तीने ६ व्या कलमात आणखी एक भर घातली. एका वर्गातील अग्निशस्त्राचे दुसऱ्या वर्गात परवान्यावाचून रूपांतर करणे हाही आता गुन्हा आहे.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. ईशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल तयार केली. तिची घडण लष्कराच्या जुन्या .३०३ रायफलीच्या धाटणीचीच. फरक मुख्यतः नळीचा आणि बोअरचा. तेवढ्या फरकाने एक शस्त्र सामान्य परवान्यावर मिळते आणि दुसरे निषिद्ध वर्गात जाते. नागरिक आणि सैनिक यांच्या शस्त्रांमधील सीमारेषा शासनाने नळीवर आखली असेल, तर नोंदवही केवळ सांगाड्याचा क्रमांक पाहून समाधान कसे मानू शकेल?

गुन्ह्याच्या तपासातही हा भेद निर्णायक ठरतो. रायफलीच्या नळीतील आट्यांच्या खुणा गोळीवर उमटतात. काडतुसाच्या पुंगळीवरील खुणा मात्र घोड्याच्या टाचणीच्या आणि पुंगळी जिथे टेकते त्या पृष्ठभागाच्या असतात. म्हणजे गोळी नळीची साक्ष देते आणि पुंगळी बहुतांशी सांगाड्याची. नळी बदलली की हे दोन साक्षीदार फुटतात. गोळी मृताच्या देहात सापडली आणि पुंगळी मारेकऱ्याने उचलून नेली, तर नोंद नसलेली नळी विहिरीत टाकून तोच सांगाडा दुसऱ्या नळीनिशी निर्धास्तपणे पोलिसांपुढे ठेवता येईल. प्रत्येक नळीला स्वतःचा क्रमांक असावा आणि तो परवान्यावर चढावा, या मागणीमागे हे साधे कारण आहे.

इतर देशांनी या प्रश्नाची उत्तरे निरनिराळी दिली आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने सांगाड्यालाच बंदूक मानले. त्यामुळे तिथे सर्वसाधारणपणे नळी ही सुट्या भागासारखी विकत मिळते. युरोपीय संघाने मात्र २०१७ च्या निर्देशात नळीला शस्त्राच्या आवश्यक घटकांत स्थान दिले आणि या घटकांवर खूण असण्याचा दंडक घातला. जिथे शस्त्र ही बाजारातील एक वस्तू मानली गेली तिथे नळी मोकळी राहिली. जिथे शस्त्र ही समाजाने सोपविलेली जबाबदारी मानली गेली तिथे नळीची नोंद झाली. आपण कोणता मार्ग धरावा याविषयी समाजवाद्याच्या मनात संदेह नसावा.

याला जोडून मर्यादेचा प्रश्न येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. हेतू स्वागतार्ह आहे. परंतु जमिनीच्या कमाल धारणेच्या कायद्याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. मर्यादा कागदावर घालावी आणि धनवंताने ती कुटुंबातील नावांत, देवस्थानांत आणि फळबागांत मुरवावी, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिले. शस्त्रांच्या बाबतीतही तेच घडू शकते. दोन सांगाडे आणि त्यांना बसणाऱ्या सहा नळ्या बाळगणारा गृहस्थ कागदोपत्री दोनच शस्त्रांचा धनी ठरला, तर ती मर्यादा फक्त ज्याला एकाहून अधिक नळ्या परवडत नाहीत त्याच्यासाठी उरेल.

आणि असा माणूस कोण, हे शोधण्यासाठी शिराळ्याहून दूर जावे लागत नाही. या मातीला शस्त्रबंदीचा इतिहास ठाऊक आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परकीय सरकारने सारा देश निःशस्त्र केला. १९३० साली याच तालुक्यातील बिळाशीच्या शेतकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला, तेव्हा सरकार त्यांच्यावर सशस्त्र पोलीस घेऊन चालून आले. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद केला, त्याला ही पार्श्वभूमी होती. १९४२ च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळीबार झाला. पुढे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात मणदूर-सोनवडे परिसरातील चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग यांनी प्राण दिले. बंदूक कोणाच्या हाती असावी, हा या खोऱ्याला पुस्तकी प्रश्न कधीच नव्हता.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्याने परक्यांचा कायदा रद्द केला आणि पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शेतकऱ्याला मिळावा अशी स्पष्ट तरतूद केली. ही तरतूद म्हणजे उपकार नव्हे, त्या इतिहासाने मिळविलेला हक्क आहे. प्रत्यक्षात त्या हक्काभोवती कुंपणे वाढत गेली. चांदोली १९८५ साली अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ३४ व्या कलमाप्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने मुख्य वन्यजीव रक्षकाकडेही आपली नोंद करावयाची असते, आणि त्या टापूत नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीवाचून देता येत नाही. हेच कलम राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. म्हणजे ज्याच्या शेतात गवे आणि रानडुकरे उतरतात त्याच शेतकऱ्याला दोन खात्यांच्या दोन नोंदी. सांगलीला जिल्हाधिकारी कचेरीत हेलपाटे घालावयाचे ते वेगळेच.

वन्यप्राण्यांना अभय मिळाले याविषयी आमची तक्रार नाही. गवा किंवा रानडुक्कर वाटेल तेव्हा मारण्याची मुभा आम्ही मागत नाही. हवेत एक बार काढून कळप उठवावा, एवढाच त्या बंदुकीचा बहुधा उपयोग. पण तेवढाही आवाज ऐन वेळी बंद होतो. निवडणुकीची आचारसंहिता जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. २०१९ मध्ये विधानसभेचे मतदान २१ ऑक्टोबरला झाले आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला. भाताच्या कापणीचा हंगाम तो हाच. कोणाची बंदूक खरोखर जमा करणे आवश्यक आहे याची समितीने व्यक्तिगणिक छाननी करावी, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. ती छाननी गंभीरपणे झाली तर माळ्यावरच्या ठासणीच्या बंदुकीपासून लोकशाहीला धोका आहे असा निष्कर्ष निघणे कठीण आहे.

काही साथी म्हणतील की नळ्यांच्या नोंदीची मागणी करणे म्हणजे नोकरशाहीच्या हाती आणखी एक रकाना देणे आहे, आणि प्रत्येक नव्या रकान्याचा जाच शेवटी गरिबालाच होतो. हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, तो झटकून टाकता येणार नाही. परंतु येथे थोडा विचार केला पाहिजे. ठासणीच्या बंदुकीला एकच नळी असते. तिच्यात अदलाबदल करण्यासारखे काही नाही आणि लपविण्यासारखेही काही नाही. नळीची नोंद काटेकोर झाली तर तिच्या मालकाला जादा काहीच करावे लागणार नाही. ओझे पडेल ते ज्याच्याकडे अनेक नळ्या आहेत त्याच्यावर. आजची स्थिती उलटी आहे. जी बंदूक एका दृष्टिक्षेपात समजते तिची दोन ठिकाणी नोंद, आणि जी दर नळीनिशी रूप पालटते तिला सारे मिळून एकच क्रमांक पुरतो, असे होऊ शकते. धोका जितका अधिक तितकी नोंद अधिक, हे सूत्र असले पाहिजे.

दुसरा आक्षेप खेळाडूंचा. नेमबाजीत आपल्या देशाने जगात नाव मिळविले आहे, आणि कोल्हापूरसारख्या शेजारच्या जिल्ह्यातून उत्तम नेमबाज पुढे आले आहेत. त्यांना निरनिराळ्या शस्त्रांची गरज असते, म्हणून कायद्यात त्यांच्यासाठी सवलती आहेत. त्या काढाव्यात असे कोणी म्हणत नाही. परंतु सवलत आणि नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खऱ्या खेळाडूला आपल्या नळीचा क्रमांक परवान्यावर चढविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. बदलता येणाऱ्या प्रत्येक नळीवर स्वतंत्र क्रमांक कोरलेला असावा, आणि तो बोअर व लांबी यांसह परवान्यावर लिहिला जावा. जी नळी बसविल्याने शस्त्राचा वर्ग बदलतो ती दोनच्या मर्यादेत स्वतंत्र शस्त्र म्हणून मोजली जावी. जिच्यामुळे वर्ग बदलत नाही ती त्याच परवान्यावर नोंदवावी, तिची वेगळी मोजणी नको. काडतुसे देताना विक्रेत्याने नोंदलेल्या नळीचा बोअर पाहावा. पीकसंरक्षणाच्या परवान्यांसाठी तहसील कचेरीत वर्षातून ठरावीक दिवशी महसूल, पोलीस आणि वन या तिन्ही खात्यांनी एकत्र बसून एकाच अर्जावर नूतनीकरण आणि नोंद पुरी करावी. कापणीच्या काळात या बंदुका सरसकट जमा करू नयेत. आणि अखेरची मागणी सर्वांत महत्त्वाची. जंगल राखण्याचा निर्णय साऱ्या समाजाचा असेल तर त्याची किंमतही साऱ्या समाजाने द्यावी. सामुदायिक कुंपण, रात्रीची राखण आणि वेळेवर नुकसानभरपाई ही शासनाची जबाबदारी आहे. ती पार पडली तर ठासणीची बंदूक खुंटीवरच राहील, आणि तसे झाले तर सर्वांत अधिक आनंद माळ्यावर जागणाऱ्या माणसालाच होईल.

शिराळ्यातील आणि शेजारच्या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामाआधी चांदोलीलगतच्या गावांतून फिरून परवानाधारकांची गाऱ्हाणी लिहून घ्यावीत. कोणाला किती हेलपाटे पडले, कोणाची बंदूक कोणत्या महिन्यात जमा झाली, त्या महिन्यात शेताचे काय झाले, हे गावागावांत ठाऊक असते. ते एकत्र करून निवेदनासोबत जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवले, तर नळीची नोंद ही मागणी केवळ शस्त्रतज्ज्ञांची राहणार नाही.