भिंगाला नावं ठेवण्याआधी



परवा घरच्या ग्रुपवर भाच्याने माझ्या आईचा १९७४चा फोटो टाकला. दांडिया बाजारातल्या वाड्याचा ओटा, मागे तुळशीवृंदावन. खाली मजकूर: "मामा, लेन्स अगदीच भंगार होती हो. अ‍ॅपने शार्प करून टाकलाय." उघडून बघतो तर आईच्या कपाळावरचं गोंदण गायब! पापणीचा केस न् केस मोजून घ्या, पण बाई दुसरीच. वर सतरा जणांचे अंगठे. बँकेत आम्ही अंगठासुद्धा साक्षीदाराशिवाय घेत नव्हतो.

ती 'भंगार' लेन्स आग्फा क्लिक थ्रीची. आपल्या बडोद्यातच बनायचा तो कॅमेरा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये. माझ्या पहिल्या पगारातला. भिंग साधं, कोपरे मऊ यायचे, सगळं कबूल. चार भिंगांच्या टेसर पद्धतीच्या लेन्ससमोर ठेवलात तर क्लिक हरणारच. पण हरवायची तरी रीत असते की नाही? फिल्म तीच, अंतर तेच, कॅमेरा तिवईवर, छिद्र सारखं, मग दोन फोटो शेजारी ठेवा. भाच्याने एका बाजूला नव्या मोबाइलचा ताजा फोटो घेतला आणि दुसऱ्या बाजूला पिवळ्या पडलेल्या प्रिंटचा मोबाइलने काढलेला, चार ग्रुप फिरून आलेला फोटो. ट्रायल बॅलन्सची डावी बाजू रावपुरा शाखेची, उजवी अलकापुरीची! फरक पडला की दोष भिंगाला.

महागड्या लेन्सवाल्यांचंही तेच. एफ १.८ वर माणसाचा फोटो काढायचा आणि दोनशे टक्के मोठा करून कोपरे तपासायचे. अहो, तिथे मागची भिंत आहे, ती फोकसमध्ये नाहीच! तेच भिंग एफ ८ वर बघा. आणि एफ २२ पर्यंत बारीक केलंत तर प्रकाशाच्या विवर्तनाने चांगल्यातलं चांगलं भिंगही मऊ पडतं.

निगेटिव्ह मी जपून ठेवलीय. ५६ मिलिमीटरचा चौकोन, ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या साडेतीनपट क्षेत्रफळ. तेवढाच प्रिंट काढायला ती कमी ताणावी लागते, म्हणून साध्या भिंगाचंही निभतं. काल दिव्यासमोर धरून लूपने पाहिली. वृंदावन धूसर आहे. गोंदण जागेवर आहे, तिन्ही ठिपके.

अ‍ॅपला ते ठिपके डाग वाटले. त्याने पुसले आणि आपल्या मनाने कातडी भरली. याला तुम्ही शार्प म्हणता? आमच्याकडे याला खाडाखोड म्हणायचे, आणि त्यावर सही लागायची.

तेव्हा बाळा, तो फोटो आज ग्रुपवरून काढ. निगेटिव्ह सोमवारी स्कॅनला देतोय. आणि ज्या सतरा जणांनी अंगठे दिले, त्यांच्यातल्या निम्म्यांना तिने मांडीवर घेऊन भरवलंय, एवढं लक्षात असू द्या.