पाण्याखालचे गाव, बर्फावरचे गाव

आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर. त्या माथ्याएवढ्या उंचीवर एखादे नांदते गाव आहे, गोठ्यांत गाई आहेत, मधोमध देऊळ आहे, अशी कल्पना करून पाहा. फ्रान्समधील आल्प्स पर्वतात इझेर नदीच्या काठी असे एक गाव होते. नाव तिन्य. आज तिन्यला जगभरचे हौशी लोक बर्फावर घसरायला जातात. पण ते तिन्य वेगळे आणि हे तिन्य वेगळे. जुने गाव 1952 पासून धरणाच्या पाण्याखाली आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा फ्रान्सला कारखान्यांसाठी वीज हवी होती. सरकारी वीज कंपनीने या अरुंद खोऱ्याच्या तोंडाशी 180 मीटर उंचीची काँक्रीटची कमान उभारायला घेतली. गाव काही शे माणसांचे. गवत कापायचे, गाई पाळायच्या, चीज करायचे, हा त्यांचा व्यवहार. त्यांनी अर्ज केले, कोर्टकचेऱ्या केल्या, काहींनी कामाच्या जागी नासधूसही केली. उपयोग झाला नाही. 1952 च्या वसंतात पाणी चढू लागले आणि उरलेल्यांना पोलिसांनी बाहेर काढले. घरे सुरुंगाने उडवली. स्मशानातील पूर्वजांचे अवशेषसुद्धा उकरून वर न्यावे लागले. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना यातले काही फोडून सांगायला नको.

धरणाजवळच वरच्या अंगाला ले ब्वास येथे जुन्या चर्चसारखेच हुबेहूब नवे चर्च बांधून दिले. काही कुटुंबे मात्र आणखी वर, 2100 मीटरवरच्या एका नैसर्गिक तळ्याकाठी गेली. तेथे हिवाळ्यात पुरुषभर बर्फ साचते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती जागा उन्हाळी चराईपुरतीच. पण स्कीइंग, म्हणजे पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ, शहरी लोकांत पसरत होता, आणि त्याला हीच जागा योग्य. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून तळ्याकाठी हॉटेले उठू लागली. पुढे उंच उंच इमारतीही आल्या. खरे सांगायचे तर त्या दिसायला काही देखण्या नाहीत.

या खेळात माणूस घसरत खाली येतो हे खरे, पण त्याला आधी वर कोण नेणार? तेथेच सगळा खर्च आहे. डोंगरभर तारांवरून लोंबकळत्या खुर्च्या आणि पाळणे फिरत असतात. 1993 साली डोंगराच्या पोटातून साडेतीन किलोमीटरचा बोगदा खणून तारेने ओढली जाणारी गाडी सुरू झाली. ती माणसांना 3000 मीटरच्या वर नेऊन सोडते. पुढचा पाळणा ग्रांद मोत या हिमनदीवर 3456 मीटरपर्यंत जातो. शेजारचे व्हाल दिझेर हे गाव आणि तिन्य यांचे उतार एकमेकांना जोडलेले आहेत. 1968 च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवणारा जाँ-क्लोद किली त्या व्हाल दिझेरमध्येच वाढलेला. 1992 च्या हिवाळी ऑलिंपिकमधील बर्फावरच्या उड्या-कसरतींच्या स्पर्धा आणि पाठोपाठ अपंग खेळाडूंचे हिवाळी सामने तिन्यला झाले. त्या निमित्ताने 1989 साली जाँ-मारी पिएरे या चित्रकाराने धरणाच्या भिंतीवर अवाढव्य हर्क्युलिस रंगवला. जणू तोच पाणी पाठीवर तोलून धरतो आहे! जुन्या गावच्या म्हाताऱ्यांना तो पाहून काय वाटले असेल, कोण जाणे.

बर्फ देते तसे नेतेही. 1970 च्या फेब्रुवारीत व्हाल दिझेरला हिमकडा कोसळून एका वसतिगृहातील 39 जण दगावले. म्हणून आता मोठी हिमवृष्टी झाली की उतार उघडण्याआधी सुरुंग लावून सैल बर्फ मुद्दाम पाडतात. दुसरी चिंता उलटी आहे: हिमनदी आटते आहे. एके काळी येथे जवळजवळ बारमाही स्कीइंग चाले. अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्यात ते काही आठवड्यांवर आले आहे.

आता तुमच्या-आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. याच उतारांवर बर्फ वितळले की गाई चरतात. तारांतेझ जातीची ही गाय तांबूस रंगाची, डोळ्यांभोवती काजळाची कड असलेली, चढावर पायाने पक्की. हिच्या दुधापासून बोफोर नावाचे चीज करतात. 40 किलोच्या एका चकतीला सुमारे 400 लिटर दूध लागते. आणि नियम पाहा: गाईला मुरघास घालायचा नाही, कळपाची सरासरी वर्षाला गाईमागे 5000 किलो दुधाच्या वर जाऊ द्यायची नाही. दूध वाढवण्यापेक्षा मालाचे नाव राखायचे, असा तेथला हिशेब. म्हणूनच भाव मिळतो. त्या खोऱ्यात उन्हाळ्यात गोठा सांभाळायचा आणि हिवाळ्यात पाळण्यांवर नोकरी करायची, असे कितीतरी शेतकरी आहेत.

पूर्वी तपासणीसाठी दर दहा वर्षांनी धरण पूर्ण रिकामे करीत. 2000 साली असे केले तेव्हा चिखलातून जुना पूल आणि घरांची जोती वर आली. गाव सोडताना जी पोरे होती ती म्हातारी होऊन काठावर आली होती, आणि आपला उंबरा कोणता ते नातवंडांना बोटाने दाखवत होती.