पावणेदोन एकर गेले कुठे?

बाप वारला. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली आणि आठ एकर शेत. कुणाला किती?

आमच्या राणीसावरगावाकडच्या मकतबांत हा प्रश्न कुणी पोरांपुढे टाकत नाही. तिथे नूरानी कायदा, म्हणजे अक्षरओळखीची पुस्तिका, मग नाजरा, म्हणजे बघून कुराणवाचन, मग दुवा. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. हिफ्ज करणाऱ्या लेकरांच्या कष्टांपुढे माझी मान झुकते. पण पाठांतरालाच दीनी तालीम म्हणणाऱ्यांशी माझे उघड भांडण आहे.

उत्तर सूरह निसामध्ये आहे. कर्ज आणि वसियत फेडल्यावर बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे एक एकर. उरलेल्या सातांतून मुलाला साडेतीन, मुलींना पावणेदोन-पावणेदोन. ही हद्द मोडणाऱ्याला आगीची ताकीद पुढच्याच आयतींत आहे. आता गंगाखेड तालुक्यातले सातबारे काढा आणि त्यांवर बहिणींची नावे शोधा. हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा घेणारा भाऊ जुम्म्याला पहिल्या सफेत उभा असतो आणि त्याला कुणी हटकत नाही. 1937च्या शरियत कायद्यानेही दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली. शरियतीसाठी रस्त्यावर उतरणारे आपण, या कलमाविरुद्ध कितीदा उतरलो?

असा प्रश्नच आधी पुढे ठेवून शिकवता येते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 साली डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांपुढे आधी रोगी ठेवला, पुस्तक नंतर. त्याला समस्याधारित शिक्षण म्हणतात. मकतबात असले काही आणा म्हटले की लोक बिचकतात, जणू दीन बुडणार आहे. अरे, आपण ज्यांचा मसलक सांगतो ते इमाम अबू हनीफा कूफ्यात हेच करत होते! कापडाचे व्यापारी होते, बाजारातले व्यवहार जाणून होते. शागिर्दांपुढे मसला ठेवायचे, वाद घालू द्यायचे. अबू यूसुफ आणि इमाम मुहंमद या शागिर्दांनी उस्तादांशी कित्येक मसल्यांत मतभेद नोंदवले, तरी ते हनफीच राहिले. ख्वारिझमीच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग तर वारसावाटणीच्या उदाहरणांनी भरला आहे.

मौलानांवर सगळे ढकलू नका. कमिटी त्यांना तुटपुंजा पगार देते आणि कुणाचे किती पारे झाले एवढेच विचारते.

कमिटीवाल्यांनो, मकतबात एक सातबारा न्या. पोरांना वाटणी करू द्या, भांडू द्या, घरी जाऊन बापाला विचारू द्या. आणि मुलींच्या वर्गात तो आधी न्या.