गव्हावर खापर फोडण्याआधी

मा. सहयोगी अधिष्ठाता,
मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, परळ



कुत्र्याने पंजे चाटून लाल केले, की हल्ली निदान दुकानातच होते: गहू बाधला, 'धान्यमुक्त' खाद्य न्या. गव्हाची ॲलर्जी खोटी नाही. पण २०१६च्या एका संशोधन-आढाव्यात अन्नाची ॲलर्जी असलेल्या २९७ कुत्र्यांपैकी १०२ कुत्र्यांना गोमांस बाधत होते, ५१ना दूधदुभते, ४५ना कोंबडी आणि ३८ना गहू. ७८ मांजरांत गहू बाधणारी तीन, मासळी बाधणारी तेरा. धान्यमुक्त पिशवीत कोंबडीच असेल, तर पैसे गेले आणि खाजही राहिली. अर्थात ही बहुतेक जनावरे पाश्चात्त्य देशांतली. ॲलर्जी जडते ती नेहमीच्या खाण्यातल्या प्रथिनांची. आणि गिरगाव-लालबागच्या कुत्र्याला रोज मिळते ते दूध-पोळी, पाव, ग्लुकोज बिस्किट, कोंबडीचे पाय. इथे गहू वरच्या क्रमांकावर निघालाच, तर नवल नाही. पण तो निघावा तपासणीतून, जाहिरातीतून नव्हे.

रक्ताच्या नि लाळेच्या चाचण्या या निदानासाठी भरवशाच्या नाहीत. पूर्वी न खाल्लेले अन्न आठ आठवडे द्यायचे, मग जुने परत देऊन खाज उलटते का पाहायचे, हीच कसोटी. दुसरी पायरी गाळली तर गहू नुसता संशयित राहतो. आणि चाळीत पहिलीच पायरी अवघड: गॅलरीतून जाता-येता कोणी लाडाने बिस्किट टाकले, की सगळे मुसळ केरात. मांसाच्या चवीची जंताची गोळीसुद्धा पथ्य मोडते. म्हणून विनंती, की १८८६पासून परळात उभ्या असलेल्या आपल्या संस्थेने एका पानाचे मराठी पथ्यपत्रक काढावे. मासळी न चाखलेल्या कुत्र्याला मासळी-रताळे चालेल, मासळीवर वाढलेल्या मांजरीला नाही, इतके ते सोपे असावे. शेजाऱ्यांनाही वाचायला देता यावे.

कोणी म्हणेल, मुंबईच्या दमट हवेत खाज बहुधा पिसवांची नि बुरशीची. मान्य, आधी तेच उपचार व्हावेत. ओपीडीच्या गर्दीत समजावायला वेळ नसतो, हेही खरे, म्हणूनच तर छापील कागद हवा. राहिला प्रश्न, गहू तोडून बिघडते काय? धान्यमुक्त खाद्य आणि कुत्र्यांचा हृदयविकार यांच्या संबंधाची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८मध्ये जाहीर केली. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण डोळे मिटून घ्यावे असेही ते खाद्य नव्हे.

सोबत एक करावे. खाजेच्या प्रत्येक केसपेपरवर रोजचे खाणे नावानिशी लिहिले जावे: पोळी, पाव, खारी, बिस्किट, कोंबडी. 'घरचे जेवण' एवढ्याने काहीच कळत नाही.

आपला,
एक मुंबईकर