दोष पथ्याचाच कशावरून?

साखर उतरली नाही की घरातल्यांचा पहिला संशय पथ्यावर. 'चोरून गोड खाल्लं असणार!' शेजारच्या काकांना त्याच गोळीने उतार पडलेला असला, तर मग आरोपी सापडलाच. पण गोळी कुणाला किती लागू पडेल, हे काही अंशी जन्मतःच ठरलेले असते.

सहा महिन्यांच्या आत मधुमेह जडणाऱ्या अर्भकांचेच पाहा. त्यांना जन्मभर इन्सुलिन टोचायचे, हाच प्रघात होता. २००४ साली इंग्लंडमधल्या एक्झेटरचे अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा अनेक मुलांच्या एकाच जनुकात बिघाड आढळला. स्वादुपिंडातल्या पेशीचे पोटॅशियमचे दार मिटले की इन्सुलिन बाहेर पडते; या मुलांत ते मिटतच नाही. सल्फोनिलयुरिया ही जुनी, स्वस्त गोळी नेमके तेच दार मिटवते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४९ पैकी ४४ रुग्णांची सुई सुटली!

नेहमीच्या मधुमेहात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही. (गोडघाशांनी टाळ्या पिटू नयेत.) इन्सुलिन आपल्या मनाने कुणी थांबवू नये. मात्र तान्हेपणी मधुमेह झालेल्या मुलाची जनुक-तपासणी झालीच पाहिजे. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनमध्ये ती होते. ती न करताच वर्षानुवर्षे सुया टोचत राहणे आता क्षम्य नाही.